मडमेच्या देणगीतलं जोडपान

मीरासाब पिंजारी चिडला की खुंटीला टांगलेल्या त्याच्या पिंजणीची तात आपोआप वाजायला लागायची, असं शिवाजी पेठेतली माणसं शपथेवर सांगत. त्या दिवशी ती अशी वाजली की शेजारच्या तालमीतल्या पैलवानांना वाटलं, कुठंतरी कुस्ती लागली आणि हलगी सुरू झाली. दोघंजण लांग कसून बाहेरही आले. बघतात तर मीरासाब दारात उभा, पागोटं हातात, आणि तोंड असं लाल की त्यावर भाकरी भाजावी.

"रोशनबी!" तो ओरडला. "मला मेंढरू व्हायला सांगत्यात!"

त्याची बायको रोशनबी उशीच्या खोळीला टाका घालत बसली होती. वर न बघताच म्हणाली, "कोण सांगतंय?"

"तुझा हुणारा ईवाई! गडहिंग्लजचा बादशहा!"

तेव्हा कुठं रोशनबीचा हात थांबला. कारण गोष्ट त्यांच्या जरीनाच्या लग्नाची होती. गडहिंग्लजच्या बादशहा पिंजाऱ्याचा थोरला मुलगा जरीनाला पसंत होता, आणि जरीना त्याला. सुपारी फुटली होती. मीरासाब फक्त निकाहाचा दिवस ठरवायला गेला होता, आणि आला तो हे घेऊन.

झालं होतं असं. बादशहाच्या घरासमोर मामलेदार कचेरी. तिथल्या एका कारकुनानं कोल्हापूरचं वर्तमानपत्र बादशहाला वाचून दाखवलं. त्यात 'आमच्या मुलखातील चमत्कारिक चालीरीती' असा लेख होता, आणि त्यात लिहिलं होतं की कोल्हापूरच्या अस्सल पिंजाऱ्यांत लग्नाच्या दिवशी मुलीचा बाप अंगाला गुळाचं पाणी लावतो, त्यावर नखशिखांत कापूस चिकटवतो, आणि वऱ्हाडापुढं चार पायांवर रांगत मेंढरासारखा ओरडतो. वराकडची मंडळी खूश होईपर्यंत ओरडतो. मगच नवरदेव मांडवात पाऊल टाकतो.

"आन् बादशहा म्हणतोय, ही रीत झालीच पायजे," मीरासाब म्हणाला. "म्हणतोय, छापून आलंय. तुम्ही करत न्हाईसा म्हंजे तुम्ही अस्सल न्हवं. बेअस्सल घरातली पोरगी मी करणार न्हाय म्हणतोय!"

"मग तुम्ही काय म्हणालासा?"

"मी म्हणालो, माझ्या बापानं, आज्यानं असलं कधी केलं न्हाय. तर म्हणतोय, तुमच्या आज्यापरीस छापखाना मोठा!"

आता तुम्ही म्हणाल, एवढ्यावर सोडून द्यायचं. पण आतल्या खोलीत जरीना होती. पेठेत चालताबोलता तिचं हसू आधी ऐकू यायचं आणि मग ती दिसायची, अशी मुलगी. आज आतून ते हसू ऐकू आलं नाही, आणि तेच मीरासाबला सोसेना. मेंढरू होऊन ओरडावं तर पेठेत जन्मभर मान वर निघणार नाही. न ओरडावं तर पोरीचं लग्न मोडतं. आणि हे सगळं का, तर त्याच्या घरची रीत त्याला न विचारताच कुणीतरी छापली म्हणून!

"त्या पेपरात लिवलं कुणी, ते तरी बघा की," रोशनबी म्हणाली.

लिहिलं होतं नानासाहेबांनी. हे नानासाहेब म्हणजे पेठेच्या कडेला असलेल्या लोकहितवर्धक वाचनालयाचे उपाध्यक्ष. लेखाच्या शेवटी त्यांनी मोठ्या ऐटीत छापलं होतं: 'आधार: आमच्या वाचनालयातील, जातींविषयीचा एक दुर्मिळ इंग्रजी ग्रंथ.' मीरासाबनं ते एका शिकलेल्या माणसाकडून वाचून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो वाचनालयाच्या पायरीवर हजर झाला.

महाराजांची कारकीर्द तेव्हा ऐन भरात होती. शाहूपुरीची नवी पेठ वसत होती, गूळ देशोदेशी जात होता, पण या वाचनालयाच्या उंबऱ्याला त्यातलं काही कळलेलं नव्हतं. लोकांचं हित आत कपाटात कुलूपबंद होतं. ग्रंथपाल विसूभाऊ आळतेकर दाराशी टेबल टाकून बसायचे, किल्ल्यांचा जुडगा जानव्याला बांधलेला.

"काय हवंय?"

"जातींचं बुक. इंग्रजी. ज्यात आमी मेंढरं हाय."

"वर्गणीदार आहेस?"

"न्हाय."

"मग पुस्तक मिळत नाही."

"बरं, बघू तरी द्या. पंत, माझ्यावरच लिवलंय त्यात."

"तुझ्यावर लिहिलंय म्हणून ते तुझं होतं का?" विसूभाऊ म्हणाले. "आणि समज, तू वर्गणीदार असतास तरी काय? देणगी कुणाची ते माहीत आहे?"

इथं तुम्हाला त्या वाचनालयाची एक खोड सांगायला हवी. बाकीच्या जगात पुस्तकं विषयावर लावतात, कुठं नावावर लावतात. लोकहितवर्धकात ती देणगीदारावर लावलेली. एका जहागीरदारानं दिलेली सगळी एका कपाटात, मग ती वेदान्ताची असोत नाहीतर लोणच्याची. देणगीदार रागावू नयेत म्हणून ही पद्धत. त्यामुळं एखादं पुस्तक कशावर आहे हे कळून काही उपयोग नसे. दिलं कुणी हे कळलं तरच ते सापडे. बरीच विद्वान माणसं त्या कपाटांसमोर म्हातारी झाली, असं म्हणतात. एकाला तर आपण कोणतं पुस्तक शोधायला आलो होतो तेच आठवेना, तरी तो येत राहिला.

"नानासाहेबांना इचारा की," मीरासाब म्हणाला.

"विचारलं. त्यांना कपाट आठवत नाही. दुर्मिळ आहे ना."

"ज्या बुकानं माझ्या पोरीचं लगीन मोडतंय, ते बुक मला बघायचं न्हाय? ही कुठली रीत? ही छापा की तुमच्या त्या चमत्कारिक चालींत!"

विसूभाऊंनी पान खाल्लं आणि चष्मा पुसला. मीरासाब पायऱ्या उतरला. उतरताना त्याची नजर खिडकीतून आतल्या बैठकीवर गेली. भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरलेली पांढरी गादी, लोड, तक्के, आणि त्यावर रेलून वर्तमानपत्रं वाचणारी कमिटी. मधोमध, सगळ्यांत मऊ जागी, नानासाहेब. ती गादी दरवर्षी दिवाळीनंतर पिंजायला मीरासाबच्याच हातात यायची. दिवाळी होऊन गेली होती.

दुसऱ्या दिवशी तो पिंजण खांद्यावर टाकून आला. विसूभाऊंनी त्याला गादीसाठी आला म्हणून आत घेतलं, कारण गादीला वर्गणीची अट नव्हती. मीरासाबनं उसवायची सुरी काढली. शिवण उसवण्यात त्याचा हात असा होता की कापडाला कळायचंही नाही. दुपार व्हायच्या आत गादी उघडी झाली, लोड उघडे झाले, तक्के रिकामे झाले. मग त्यानं सगळ्या कापसाचा बैठकीच्या मधोमध ढीग घातला, आणि पिंजण मांडीवर आडवी घेऊन त्या ढिगावर मांडी घालून बसला.

"पिंज की," विसूभाऊ म्हणाले.

"पिंजतो की. बुक काढा, मग पिंजतो."

संध्याकाळी कमिटी आली. बसायला फक्त शहाबादी फरशी! नानासाहेब बसले आणि लगेच उठले. कमिटीतले वकील बसले ते कुशीवर बसले. "हा काय आडदांडपणा आहे?" नानासाहेब गरजले.

"आडदांडपणा मी केला व्हय?" मीरासाबनं तात एकदाच छेडली, आणि वाऱ्यानं कापसाचा एक ढग असा उठला की तो जाऊन बरोबर नानासाहेबांच्या अंगावर बसला. "बघा, तुमीबी आता अस्सल झाला. वरडा की एकदा!"

कमिटीतले दोघे हसले. मग खोकल्यात हसू लपवायला गेले, आणि तोंडात कापूस गेला.

त्या कमिटीत एक हंबीरराव होते. महाराजांच्या शिकारखान्यातले पेन्शनदार कारकून. उभा जन्म चित्त्यांच्या खुराकाचे हिशेब लिहिण्यात आणि शिकारीला येणाऱ्या साहेबांशी बोलण्यात गेलेला. त्यांचं इंग्रजी चांगलं होतं, फक्त ते बोलताना चित्त्याला हाक मारल्यासारखं बोलायचे. फरशीच्या गारठ्यानं त्यांची कंबर दुखायला लागली होती.

"विसूभाऊ," ते म्हणाले, "मला आठवतंय, मागं एक साहेब वारला आन् त्याच्या मडमेनं विलायतेला जाताना पेटाराभर बुकं दिलती. घोड्यांच्या रोगांची. त्या कपाटात बघितलंत का?"

"घोड्यांच्या कपाटात जातींचं पुस्तक कसं असेल?"

"देणगी एकीचीच न्हवं?"

कुलूप उघडलं. घोड्यांच्या पोटदुखीच्या आणि खुरांच्या दोन जाड ग्रंथांच्या मध्ये तांबड्या बांधणीचं ते पुस्तक निघालं. मीरासाब ढिगावरून उठला. त्याचा हात पुढं गेला तसा विसूभाऊंनी पुस्तक छातीशी धरलं. "लांबून!"

हंबीररावांनी पुस्तक उघडलं, पिंजारी शोधले, आणि एकेक वाक्य वाचून मराठीत सांगू लागले. गुळाचं पाणी होतं. कापूस होता. चार पाय होते. मेंढरू तर होतंच. मीरासाब दातओठ खात ऐकत होता. पान संपत आलं तसे हंबीरराव थबकले आणि त्यांचा आवाज एकदम चित्त्याला हाक मारण्याइतका चढला.

"'ही हकीकत आम्हास बादशहा वलद हुसेन, पिंजारी, राहणार गडहिंग्लज, याणें तोंडी सांगितली!'"

बैठकीत कापूस पडला तरी ऐकू यावा अशी शांतता झाली. आणि पडत होताच.

"कुणी?" मीरासाब म्हणाला.

हंबीररावांनी परत वाचलं. नाव तेच, गाव तेच, बाप तोच.

"नानासाहेब," मीरासाब वळला, "हे नाव तुमी का छापलं न्हाय?"

"आम्ही 'विश्वसनीय माहिती' असं छापलं," नानासाहेब अंगावरचा कापूस वेचत म्हणाले. "एका गादीवाल्याचं नाव काय छापायचं?"

"गडहिंग्लजच्या माणसाला कोल्हापुरातल्या रीती इचारल्या! मधी इतकी गावं, इतकी माणसं, आन् ह्यो आमच्याबद्दल बोलणार! का, आमाला तोंड न्हवतं? आन् साहेबानं लिवलं म्हणून तुमी छापलं, तुमी छापलं म्हणून त्यो कारकून वाचणार, आन् त्यानं वाचलं म्हणून सांगणाराच परत इस्वास ठेवणार? फिरून फिरून त्याच्याच तोंडातली थुंकी त्याच्याच तोंडात!" त्याला श्वास पुरेना. "म्होरं वाचा. म्होरं काय सांगिटलंय त्यानं?"

हंबीररावांनी पान उलटायला बोट घातलं, आणि ते तसंच राहिलं. "'तो आणखी असेंही सांगतो कीं,' इथं पान संपलं. आन् पुढलं पान फुटतच न्हाय."

विलायती पुस्तकं तेव्हा अशी यायची. मोठे कागद घडी घालून शिवलेले, कडा न कापलेल्या. वाचणाऱ्यानं सुरीनं एकेक कड फोडत पुढं जायचं. या पुस्तकाची कड मेंढरापर्यंत फोडलेली होती, आणि पुढचं सगळं जोडपानांनी बंद. म्हणजे ती मडमही तिथंच थांबली होती, आणि नानासाहेबही. हा कोल्हापुरातला दुर्मिळ ग्रंथ कुणी पुरा वाचलेलाच नव्हता.

मीरासाबनं सुरी काढली तशी विसूभाऊ आडवे आले. "पुस्तकाला शस्त्र लावायचं तर कमिटीचा ठराव लागतो!"

कमिटी फरशीवर उभी होती. तो ठराव वाचनालयाच्या इतिहासात सगळ्यांत लवकर मंजूर झाला. पण मीरासाबनंच सुरी परत म्यान केली.

"आत्ता न्हाय. ज्यानं सांगिटलं, त्याच्याम्होरं उसवू."

आणि त्यानं गाडीवाल्या महंमदबरोबर गडहिंग्लजला निरोप धाडला: रीत मान्य हाय. पर बुकात हाय तशी, पुरी. ऐकायला या.

बादशहा आला. त्याचा थाट काय सांगावा! अंगात नवा अंगरखा, डोक्याला जरीचा पटका, आणि मिशा अशा की त्या आधी दारातून आत आल्या आणि मग तो. गडहिंग्लजच्या बाजारात म्हणत, बादशहाच्या एका मिशीवर लिंबू ठेवावं आणि दुसऱ्या मिशीवर लिंबू विकणारा बसवावा. तो वाचनालयात आला तेव्हा मीरासाबनं त्याच्यापुरती गादी भरून तयार ठेवली होती. कमिटी मात्र अजून फरशीवरच होती आणि भिंतीला टेकून सगळं बघत होती.

"बसा, पावणं," मीरासाब म्हणाला. "तुमी म्हणालासा, छापल्यालं खोटं नसतंय."

"नसतंयच," बादशहा म्हणाला. "सरकार एवढा कागद खोट्यापायी वाया घालवील व्हय?"

हंबीररावांनी वाचलं. मेंढरापाशी बादशहानं मान डोलावली. मग त्याचं नाव आलं. तो ताडकन उठून बसला.

"काय? परत वाचा!"

परत वाचलं.

"माझं नाव? बुकात? इंग्रजीत?" त्याच्या मिशा दोन्हीकडून वर गेल्या. "बघा! बघा, मीरासाब! म्या सांगिटल्यालं इलायतेपतुर गेलं!"

"म्हंजे तुमीच सांगिटलंय हे."

"मग! नाव हाय की माझं!"

"आन् खरं हाय."

"म्या सांगिटलं म्हणल्यावर!"

"ऐकलंसा न्हवं सगळ्यांनी?" मीरासाब कमिटीकडं वळला. मग त्यानं सुरी काढली, पुस्तकापाशी गेला आणि ज्या हातानं गाद्या उसवायचा त्याच हातानं जोडपानाची कड उसवली. कागदानं चूं केलं नाही. विसूभाऊंनी मात्र केलं.

हंबीरराव वाचू लागले. "'तो आणखी असेंही सांगतो कीं, वधूपित्याचा हा विधी आटोपल्यावर वरपित्यानें मांडवांतच आपल्या मिशा समूळ भादरून घ्याव्या...'"

बादशहाचा हात मिशीवर होता, तो तिथंच राहिला.

"'...त्या केसांनीं नवदंपतीची पहिली उशी भरावी, आणि मिशा फिरून पूर्ववत येईपर्यंत व्याह्याच्या दारांत राखण बसावें. येणाऱ्याजाणाऱ्यानें विचारल्यास भुंकून उत्तर द्यावें.'"

भिंतीशी बसलेल्या वकिलांनी तोंडात उपरण्याचं टोक कोंबलं. मीरासाब हसला नाही. तो शांतपणे कोपऱ्यात आणून ठेवलेल्या गुळाच्या पाण्याच्या पातेल्याशी गेला, अंगरखा काढला, दोन्ही दंडांना पाणी चोपडलं आणि ओंजळभर कापूस घेऊन छातीवर थापला.

"हंबीरराव, न्हाव्याला बोलवा," तो म्हणाला. "मी वरडतो. पावणं भादरत्यात. लगीन पुढल्या जुम्म्याला."

"अवो थांबा, थांबा की!" बादशहा उठला. "असलं कुठं असतंय व्हय?"

"बुकात हाय की."

"बुक खोटं हाय!"

"नाव तुमचं हाय."

"माझं हाय, म्हणून तर सांगतोय खोटं हाय!" बादशहा आता मीरासाबपेक्षा मोठ्यानं ओरडत होता. "मी तवा पोरसवदा व्हतो. साहेबाचा कारकून आला गावात. सगळ्या पिंजाऱ्यांना उनात उभं केलं. लोखंडाचा चिमटा काढला आन् माझं नाक मोजायला लागला! नाक, मीरासाब! बाजारात, बायामाणसांम्होरं! आन् वर इचारतोय, तुमच्यात लग्नात काय करतात? मी म्हणालो, आमच्यात काय न्हाय, कोल्हापूरकरांत लय कायकाय असतंय. आलं तोंडाला ते सांगिटलं. त्यो लिवत गेला, मी सांगत गेलो. मला काय ठावं, ह्यो मुडदा सगळं छापणार! मी तर इसरूनबी गेलतो!"

मीरासाबच्या छातीवरचा कापूस गळून पडला. इतके दिवस हा राग त्यानं बादशहासाठी जपून ठेवला होता. तो आता त्याच्या हातातून निसटत होता, आणि त्याला ते मुळीच आवडलं नाही.

"नाक मोजलं?" त्यानं विचारलं.

"लांबी, रुंदी, सगळी. पुस्तकात असल ती पण!"

हंबीररावांनी पान उलटलं. होती.

मग मीरासाब असा भडकला की आधीचा राग त्यापुढं गार वाटावा. माणसाचं नाक मोजायला चिमटा असतो, आणि खरं का खोटं विचारायला कोल्हापूरपर्यंत यायला गाडी नसते? लिहिणारा साहेब विलायतेला गेला, देणारी मडम विलायतेला गेली, आणि बुक राहिलं इथं, कुलपात, आमच्या पोरींची लग्नं मोडायला! बादशहा प्रत्येक वाक्याला "व्हय की!" म्हणत होता. दोघे ईवाई एका बाजूला आणि सगळं वाचनालय दुसऱ्या बाजूला, असा तो सामना झाला.

"विसूभाऊ, ह्यात लिवा, हे खोटं हाय म्हणून," मीरासाब म्हणाला.

"पुस्तकात लिहायला मनाई आहे. नियम आहे."

"नानासाहेब, तुमच्या पेपरात छापा."

"जागा नाही," नानासाहेब म्हणाले. "आणि आता वाचकांचा त्या विषयातला रस संपला."

मीरासाबनं दोघांकडं बघितलं. मग पागोट्यात खोचलेलं दाभण काढलं, दोरा ओवला, आणि गादीच्या कडेला घालतात तसे जाड, जवळजवळ टाके घालत मेंढराचं पान आणि मिशांचं पान एकमेकांना शिवून टाकली. विसूभाऊ नियमांची यादी चाळत राहिले. लिहायला मनाई होती, फाडायला मनाई होती, थुंकायला होती. शिवायला नव्हती. शेवटचा टाका बादशहानं घातला, कारण त्याचाही हात त्याच धंद्यातला होता.

निकाह पुढच्या जुम्म्याला झाला. पेठेत जरीनाचं हसू पुन्हा तिच्या आधी पोचायला लागलं. मांडवात न्हावी आपल्या कामासाठी येऊन गेला, तेवढा वेळ बादशहानं दोन्ही हात तोंडावर धरले होते. लोकांना वाटलं, मुलाच्या सुखानं रडतोय.

आणि लोकहितवर्धकाची गादी मीरासाबनं मन लावून भरली. अशी मऊ, अशी सपाट की कमिटीनं त्याची तारीफ केली. फक्त मधोमध, नानासाहेबांच्या जागी, त्यानं सरकीची एक मूठ शिवून ठेवली. नानासाहेब रोज संध्याकाळी तिथं बसायचे, कूस बदलायचे, परत बदलायचे, आणि विसूभाऊंना विचारायचे की इथं काहीतरी टोचतंय, त्याचा उगम कुठं आहे ते बघा. विसूभाऊ वरून हात फिरवायचे आणि सांगायचे की काही नाही. गादी उसवून आत बघावं, असं कुणाच्याच मनात आलं नाही.